रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचून झाल्यावर : नागपुरातील पाळकांना व वडीलजनांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, वडीलजन आणि पास्टोरेट कमिट्यांचे सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

आपल्या शहरातील एका मंडळीचा सभासद असलेला एक तरुण कनिष्ठ अभियंता मार्चअखेरीच्या धामधुमीत आपल्या पाळकांकडे गेला होता. अर्धाच झालेला एक रस्ता पूर्ण झाल्याची मोजमापे त्याने एम.बी.मध्ये, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लिहावीत, तारीख मागची टाकावी आणि देयक ३१ मार्चच्या आत कोषागारात पोहोचेल असे पाहावे, असा तोंडी आदेश त्याला वरिष्ठांनी दिला होता. नाही म्हटल्यास काय होईल, हेही आडून सुचवले होते. पाळकांनी त्याचे सारे ऐकून घेतले, बायबलातील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारी पहिली दोन वचने वाचून दाखवली, त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना केली आणि ‘वरच्यांनी सांगितले आहे, जबाबदारी त्यांची, तू मन शांत ठेव’ असे सांगून त्याला घरी पाठवले. त्याने पुढे काय केले हे मी येथे लिहिणार नाही. ते सांगायचे की नाही हे त्याने ठरवायचे आहे. मंडळी कोणती आणि कार्यालय कोणते, हेही मी सांगणार नाही. त्या पाळकांविषयी माझी तक्रार नाही. तो तरुण शहरातील दुसऱ्या कोणत्याही पाळकांकडे गेला असता, तरी त्याला बहुधा हेच उत्तर मिळाले असते, अशी माझी समजूत आहे, आणि म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

मी शासनाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेला माणूस आहे. धर्मशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मला नाही. मात्र दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात माझी नोकरी गेली, आणि सही करणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय काय दिसत असते आणि काय दिसू नये असे वाटत असते, याची मला थोडी माहिती आहे.

आपल्या बाकांवर रविवारी कोण बसते, याचा विचार करावा अशी माझी पहिली विनंती आहे. नागपूर हे पूर्वी मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर होते. १९५३ च्या नागपूर कराराने दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विभागीय आयुक्तालय, महालेखापालांचे कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका, रेल्वेची विभागीय कार्यालये असा सारा कारभार या शहरात एकवटला आहे. त्यामुळे सदर, मोहननगर, छावणी या भागांतून उपासनेला येणाऱ्या कुटुंबांत लिपिक, अभियंते, परिचारिका, शिक्षक, पोलीस शिपाई, बँकेतले लोक पुष्कळ आहेत. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन लागले की तारांकित प्रश्नांची उत्तरे रात्री उशिरापर्यंत तयार होतात, आणि जिथे काहीच झालेले नाही तिथे ‘कार्यवाही प्रगतीपथावर आहे’ असे लिहून देण्याचा आग्रह होतो. रुग्णालयात बिलात न झालेली तपासणी घालायला सांगतात, शाळेत पटावर नसलेली मुले दाखवायला सांगतात, बँकेत म्हाताऱ्या खातेदाराला न समजणारा विमा विकायला सांगतात. यातले काहीही वृत्तपत्रात येण्याइतके मोठे नसते. आपल्या लोकांना देवाशी एकनिष्ठ राहण्याचा प्रश्न पडतो तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. धगधगत्या भट्टीसमोर उभे राहण्याची वेळ फारच थोड्यांवर येते.

आता रोमकरांस पत्राकडे वळतो, कारण संभाषण तिथेच थांबवले जाते. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, अधिकार देवाने नेमलेला आहे, हे प्रेषित पौलाने लिहिले आहे आणि ते मला मान्य आहे. पण तोच परिच्छेद पुढे दोन वचने वाचला तर अधिकारी कशासाठी नेमला आहे, हेही तिथे दिसते: तो चांगल्या कामाला भीती घालणारा नसून वाईट कामाला भीती घालणारा आहे, आणि तो तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. ज्याला सेवक म्हटले आहे, त्याच्या वरही धनी आहे. सेवक धन्याच्या आज्ञेविरुद्ध काही करायला सांगत असेल तर त्या बाबतीत त्याच्यामागे धन्याचा अधिकार उरत नाही. हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. कोणत्याही कार्यालयातला नवा कारकूनसुद्धा अधिकारांचे प्रत्यायोजन कुठपर्यंत आहे, हे आधी पाहतो.

आणि ज्या पौलाने हा अध्याय लिहिला, त्याचे वागणे कसे होते? फिलिप्पैमध्ये नगराच्या अधिकाऱ्यांनी त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी शिपाई पाठवून ‘सोडून द्या’ असा निरोप आला. पौल म्हणाला की आम्ही रोमी नागरिक असता आम्हांला दोषी ठरवल्याशिवाय चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे. ते आले आणि त्यांनी विनवणी केली. दिमिष्कात अरीतास राजाचा सुभेदार त्याला पकडायला टपला होता, तेव्हा हाच पौल भिंतीच्या खिडकीतून पाटीत बसून खाली उतरला. पुढे कैसरियात न्याय मिळणार नाही असे दिसताच त्याने कैसराकडे दाद मागितली. तेराव्या अध्यायावर प्रवचन करताना लेखकाचे हे चरित्र शेजारी ठेवले, तर अधीनता म्हणजे मुकाट्याने सही करणे नव्हे, हे आपोआप स्पष्ट होईल.

मला आपल्यासमोर विशेषकरून ठेवायचा आहे तो १ राजे या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. तो मी पुष्कळदा वाचला आहे, आणि दर वेळी तो मला एखाद्या जुन्या फायलीसारखा वाटला आहे. अहाब राजाला इज्रेलात आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. मोबदला त्याने वाईट देऊ केला नव्हता: त्याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. नाबोथाने नकार दिला, कारण वाडवडिलांचे वतन विकून टाकायला तो मोकळा नव्हता. जमीन परमेश्वराची आहे, ती कायमची विकू नये, असा नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडला आणि त्याने अन्न सोडले. मग त्याची राणी ईजबेल हिने पत्रे लिहिली. राजाच्या नावाने लिहिली, राजाची मोहर लावली आणि नाबोथाच्या नगरातील वडीलजनांना व सरदारांना पाठवली.

उपदेशात आपण ईजबेलीला दोष देतो आणि पुढे जातो. मला तिच्यापेक्षा त्या वडीलजनांकडे पाहावेसे वाटते. त्यांच्या हातात आलेला कागद वरवर निर्दोष होता. मोहर खरी होती. पत्रात म्हटले होते की उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवा, त्याने देवाला व राजाला शाप दिला अशी त्यांच्याकडून साक्ष घ्या आणि त्याला बाहेर नेऊन धोंडमार करा. कार्यपद्धती पाहा. नियमशास्त्रात दोन साक्षीदार लागतात, म्हणून साक्षीदार दोनच नेमले. प्रकरणाला धार्मिक रूप यावे म्हणून उपास ठेवला. आरोप असा निवडला की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. कागदोपत्री एकही त्रुटी काढता येणार नाही, असा हा खून होता. पत्रात साक्षीदारांना आधीच अधम म्हटले होते. म्हणजे साक्ष खोटी असणार हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी एकानेही विचारले नाही. शास्त्र फक्त इतकेच सांगते की तिने पत्रांत लिहून पाठवले होते त्याप्रमाणे त्यांनी केले.

त्यानंतरचे एक वाक्य माझ्या जुन्या नोकरीमुळे माझ्या डोळ्यांत भरते. काम झाल्यावर त्यांनी अनुपालन अहवाल पाठवला, आणि तो ईजबेलीला पाठवला. पत्र आले होते राजाच्या नावाने, राजाच्या मोहरेनिशी; उत्तर गेले राणीला. याचा अर्थ पत्राच्या मागे कोण आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. राजाकडे जाऊन ‘महाराज, हे आपलेच आहे ना?’ असे विचारण्याची वाट मोकळी होती, आणि ती त्यांनी घेतली नाही, कारण विचारले असते तर मोहरेच्या आड लपता आले नसते. आपल्या कार्यालयांत आदेश तोंडी का दिले जातात आणि खालचे लोक ते लेखी का मागत नाहीत, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

‘जबाबदारी त्यांची’ हे जे आश्वासन त्या तरुणाला मिळाले, त्याचे पुढे काय होते तेही शास्त्रात आहे. अहाबानंतर त्याच्या घराण्याविरुद्ध सेनापती येहू उठला, तेव्हा त्यानेही पत्रेच पाठवली, आणि ती पत्रे ज्यांना गेली त्यांत इज्रेलचे अधिकारी व वडीलजन पुन्हा आहेत. अहाबाचे सत्तर पुत्र ज्यांच्या सांभाळात होते, त्याच थोर लोकांकडे त्याने त्या पुत्रांची मस्तके मागितली. त्यांनी ती कापली, टोपल्यांत भरली आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी येहू वेशीपाशी लोकांसमोर उभा राहून काय म्हणाला? मी माझ्या धन्याविरुद्ध कट केला हे खरे, पण या सर्वांना कोणी मारले? आदेश देणाऱ्यानेच चारचौघांत प्रश्न केला आणि हात वर केले. ज्यांनी विभागीय चौकशीची कागदपत्रे पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य अनोळखी नाही. एम.बी.वर सही कोणाची आहे, एवढेच तिथे पाहिले जाते. फोनवर कोण बोलले होते, हे कोणी पाहत नाही. आणि देवासमोरचा हिशेब याहून सैल असेल, असे मानायला शास्त्रात मला कुठे आधार सापडलेला नाही.

कोणी म्हणेल की त्याने नाही म्हटले असते तरी दुसऱ्याकडून सही झाली असती. मग नकाराने काय साधले? हा प्रश्न मी हलका मानत नाही. शौल राजाने नोबच्या याजकांना मारण्याचा हुकूम दिला, तेव्हा भोवती उभ्या असलेल्या त्याच्या पहारेकऱ्यांनी परमेश्वराच्या याजकांवर हात टाकायला नकार दिला. मग राजाने दवेग अदोमीला सांगितले आणि त्याने एकट्याने पंच्याऐंशी याजक मारले, नोब नगरही तलवारीखाली गेले. पहारेकऱ्यांच्या नकाराने एकाचाही जीव वाचला नाही. तरीही शास्त्राने तो नकार नोंदवून ठेवला आहे. नकाराचे मोल परिणामावर ठरत असते तर हे वचन लिहिण्याचे कारणच नव्हते. दवेग नेहमीच मिळतो, हे खरे आहे. पण पाप करायला माणूस मिळेल, म्हणून तो माणूस आपण व्हावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय, राजाचे सारे पहारेकरी जागचे हलले नाहीत, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिले. शौलाला त्या दिवशी परक्या अदोमी माणसाकडे वळावे लागले, ही गोष्ट लहान नाही.

येथे एक गैरसमज होऊ नये. अन्यायी राजवटीत काम करणारा प्रत्येक जण दोषी आहे, असे मी म्हणत नाही, आणि शास्त्रही म्हणत नाही. त्याच अहाबाच्या राज्यात, त्याच्याच घरावर कारभारी असलेला ओबद्या होता. ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांचा संहार करत असताना त्याने शंभर जणांना पन्नास पन्नास करून गुहेत लपवले आणि अन्नपाणी पुरवले. तो नोकरी सोडून गेला नाही. नोकरीत राहिल्यामुळेच ते अन्न त्याला पोहोचवता आले असावे. अरामी सेनापती नामानाने संदेष्टा अलीशाला विचारले की माझा राजा रिम्मोन देवाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावे लागते, याची मला क्षमा होईल ना? अलीशाने त्याला व्याख्यान दिले नाही. शांतीने जा, एवढेच म्हटले. म्हणजे प्रत्येक बाबतीत एकच माप लावता येत नाही. कुठे वाकणे चालते आणि कुठे सही करणे चालत नाही, हा भेद करायला शिकवणे हेच तर पाळकांचे काम आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही.

नकार कसा द्यावा, हेही शास्त्रात आहे, पण आपण ते संडे स्कूलच्या रंगीत चित्रांत हरवून बसलो आहोत. दानीएलाचे नाव काढले की मुलांना सिंह आठवतात. मला त्याच पुस्तकाचा पहिला अध्याय जास्त उपयोगी वाटतो. बाबेलच्या राजाचे अन्न खाऊन स्वतःला विटाळवायचे नाही, असे दानीएलाने मनात ठरवले आणि मग खोजांच्या सरदाराकडे विनंती केली. सरदार म्हणाला की तुमचे चेहरे उतरलेले दिसले तर राजा माझे डोके उडवील. दानीएलाने ती भीती खरी मानली. खालच्या कारभाऱ्याकडे जाऊन त्याने दहा दिवसांची मुदत मागितली: आम्हांला भाजीपाला आणि पाणी द्या, मग पाहा. आवाज चढवला नाही, वरिष्ठाला पापी म्हटले नाही, त्याच्या जिवाचाही विचार केला, आणि तरीही मुद्द्यावरून तसूभर हलला नाही. पुढे सहाव्या अध्यायात त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात चूक शोधायचा कसून प्रयत्न केला आणि त्यांना काही सापडले नाही. शेवटी देवाच्या नियमाच्या बाबतीतच त्याला अडकवावे लागले. नकार देणाऱ्याचे बाकीचे टेबल स्वच्छ असावे लागते, हा धडा मी प्रत्येक नव्या नोकरदाराला पाठ करायला लावीन. रजेचा अर्ज खोटा देणाऱ्याने खोट्या देयकावर तत्त्व सांगू नये.

याच कारणाने मी हेही स्पष्ट करतो की देवाची आज्ञा पुढे करून कामचुकारपणा झाकणे हे मला अमान्य आहे. बदलीचा आदेश गैरसोयीचा आहे, साहेबांचा स्वभाव कडक आहे, रविवारी निवडणुकीचे काम लागले आहे, हे सद्सद्विवेकाचे प्रश्न नव्हेत किंवा फारच क्वचित असतात. खोटे लिहायला सांगणे, दुसऱ्याचे हिसकावून घ्यायला सांगणे, निरपराध्याला अडकवायला सांगणे, दुर्बळाला फसवायला सांगणे: एवढ्यापुरते मी बोलतो आहे, आणि एवढ्याबाबत कोणाच्या मनात खरोखर शंका असते असे मला वाटत नाही. शंका असते ती परिणामांची.

देशाचा कायदाही या बाबतीत आपल्या माणसाच्या विरोधात नाही. सरकारी नोकराने वरिष्ठाचा तोंडी आदेश लेखी करून घ्यावा, ही अपेक्षा वर्तणूक नियमांतच आहे. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून घ्याव्यात, असे सांगितले. आणि उघड बेकायदा कृत्य ‘वरिष्ठांनी सांगितले’ एवढ्याने माफ होत नाही. जुन्या दंड संहितेत होत नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही होत नाही. एवढी माहिती पाळकांना असती तरी त्या तरुणाला ‘मन शांत ठेव’ यापेक्षा अधिक काही हाती लागले असते. ‘साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे करण्यापूर्वी मला लेखी सूचना मिळावी ही नम्र विनंती’ हे एक वाक्य नोटशीटवर आले की पुष्कळ आदेश हवेत विरतात, हे मी पाहिले आहे. सगळे विरत नाहीत, हेही पाहिले आहे.

पाळकाचा शब्द किती जड असतो, याचे एक उदाहरण मला फार अस्वस्थ करते. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी होता. १९०७ साली जन्मलेला, विवाहित, घरात तीन लहान मुली. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झाले तेव्हा त्याच्या गावात विरोधी मत देणारा तो एकटाच होता. १९४३ मध्ये त्याला लष्करात बोलावणे आले. हिटलरच्या युद्धात लढणे हे पाप आहे, असे त्याचे मत झाले होते. रुग्णसेवेचे काम करायला तो तयार होता, शस्त्र धरायला नव्हता. तो आपल्या धर्मगुरूंकडे गेला, लिंझच्या बिशपांकडेही गेला. त्याला मिळालेला सल्ला असा होता की कुटुंबाचा विचार कर. राज्यकर्त्यांच्या निर्णयाची जबाबदारी सामान्य नागरिकावर येत नाही. शब्द जवळजवळ तेच आहेत जे आपल्या शहरात त्या अभियंत्याला ऐकायला मिळाले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या विधवेला युद्धानंतरही काही वर्षे पेन्शन नाकारले गेले. २००७ साली त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये कॅथोलिक चर्चने त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, आणि त्याची वृद्ध पत्नी त्या समारंभाला हजर होती. चर्चने आदर दाखवला याचा मला आनंद आहे, पण त्याला चौसष्ट वर्षे लागली. सल्ला मागायला तो माणूस जिवंतपणी आला होता.

आपण त्याच्याइतक्या कठीण काळात नाही. आपल्या माणसाला फार तर बदली, खराब गोपनीय अहवाल, रोखलेली वेतनवाढ, कधी निलंबन सोसावे लागेल. पण ज्याच्यावर घराचा हप्ता आहे, मुलगी बारावीत आहे आणि आई आजारी आहे, त्याला ‘फार तर’ हा शब्द फार मोठा असतो. राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारे रामशास्त्री आपण शाळेत शिकलो आणि त्यांच्या निःस्पृहतेचे कौतुक केले; त्यांच्या घरातल्यांनी पुढे दिवस कसे काढले, हे शाळेत कोणी विचारले नाही. नकाराची किंमत नकार देणाऱ्या घराने एकट्याने भरायची आणि अभिमान मात्र सगळ्या समाजाने बाळगायचा, ही रीत मला बरी वाटत नाही.

याच शहरात १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला मनाई होती, आणि देशभरातून आलेले लोक तुकड्या तुकड्यांनी पुढे जाऊन अटक करवून घेत होते. त्यांच्या धैर्याला कमी लेखायचे नाही, पण त्यांच्या डावी-उजवीकडे माणूस होता. आज त्याच सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कार्यालयात सायंकाळी सहा वाजता, सगळे निघून गेल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या असलेल्या आपल्या सभासदाच्या डावी-उजवीकडे कोणी नसते. राजाच्या मूर्तीला न नमल्यामुळे भट्टीत टाकले गेलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो तिघे होते. इब्री मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम न पाळणाऱ्या शिप्रा आणि पुवा या सुइणीही दोघी होत्या. मंडळी म्हणून आपण त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या माणसाची जागा घेतली नाही, तर मंडळी कशासाठी आहे, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो.

एक अप्रिय गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे पेत्राचे वाक्य आपण राजांना आणि सरकारांना उद्देशून वापरतो. प्रेषितांची कृत्ये उघडून पाहावे: ते वाक्य यरुशलेमेतील न्यायसभेपुढे, मुख्य याजकासमोर बोलले गेले होते. ते धर्माच्या अधिकाऱ्यांना सांगितले गेले होते, आणि त्यांनी बोलणाऱ्यांना फटके मारवले. मंडळ्यांच्या मालकीच्या जमिनी, शाळा, दुकानांचे गाळे यांचे ठराव करताना आपल्या कमिट्यांमध्येही असे प्रसंग येतात, की न झालेल्या सभेचे इतिवृत्त नोंदवहीत येते आणि तरुण चिटणिसाला ‘बिशपसाहेबांची इच्छा आहे’ एवढे सांगून सही मागितली जाते. इज्रेलच्या वडीलजनांना आपण व्यासपीठावरून नावे ठेवायची आणि बाजूच्या खोलीत तशीच पत्रे पाळायची, हे आपल्या मुलांच्या लक्षात येते. जो चिटणीस देवघराच्या कार्यालयात मुकाट्याने सही करायला शिकला, तो सरकारी कार्यालयात नाही म्हणायला कुठून शिकेल?

म्हणून माझ्या विनंत्या अशा. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढच्या वेळी वाचाल तेव्हा त्याच उपासनेत नाबोथाचा अध्यायही वाचावा, आणि वडीलजनांविषयी बोलावे. दृढीकरणाच्या वर्गात आपण दहा आज्ञा पाठ करून घेतो. त्यातल्या खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेवर एक पूर्ण तास ठेवून, नोकरीत ती कशी मोडायला लावतात आणि कशी पाळता येते, हे कार्यालयांतल्या माणसांकडूनच मुलांना ऐकू द्यावे. प्रत्येक मंडळीने आपल्यातील निवृत्त लेखाधिकारी, वकील, मुख्याध्यापक अशा तीन-चार विश्वासू लोकांची नावे पाळकांकडे ठेवावीत, म्हणजे अडचणीत आलेल्या सभासदाला प्रार्थनेनंतर कागद घेऊन कोणाकडे जायचे, हे कळेल. तिथे बोललेले बाहेर जाणार नाही, याची हमी पाळकांनी द्यावी. निलंबित नोकराला सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. खोटे न लिहिल्यामुळे ज्याच्यावर ही वेळ आली, त्याची उरलेली गरज भागवण्यासाठी कापणीच्या सणाच्या अर्पणातून काही भाग बाजूला ठेवता येईल काय, याचा विचार कमिट्यांनी करावा. आणि आपल्या स्वतःच्या इतिवृत्तांच्या वह्या वार्षिक सभेत कोणत्याही सभासदाला मागताच पाहायला द्याव्यात.

पहिल्या चार गोष्टींना फारसा विरोध होणार नाही, असे मला वाटते. पाचवीला होईल. तरीही सुरुवात तिथूनच करावी, असे माझे मत आहे, आणि माझ्या स्वतःच्या मंडळीत येत्या वार्षिक सभेत मी तसा लेखी प्रस्ताव देणार आहे. कागदपत्रे वाचून देण्यासाठी मी व माझे दोन निवृत्त सहकारी कोणत्याही मंडळीत, कोणत्याही संध्याकाळी, विनामोबदला यायला तयार आहोत. आपले उत्तर अनुकूल असो वा प्रतिकूल, ते लेखी मिळावे, ही नम्र विनंती.

आपला प्रभूमधील बंधू,
एक निवृत्त लेखाधिकारी
सदर, नागपूर